व्हिडिओ गेममधला महानायक : लढाई रंगते कशी, गोष्ट पटते कशी?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मंडपात व्हिडिओ गेमवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात नक्कीच आला असेल. त्याचे कारण आपल्या घरातच आहे. संध्याकाळी मुलगा म्हणतो, "एवढी लेव्हल संपवतो आणि येतो." आई म्हणते, "नुसती मारामारी काय बघत बसलास?" दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. आईला दिसते ती मारामारी आणि मुलाला दिसते ती गोष्ट. आज मला एवढेच सांगायचे आहे की चांगल्या खेळात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. ज्या खेळात त्या सहज वेगळ्या होतात, तो खेळ कच्चा समजावा.

चांगला खेळ आणि कच्चा खेळ ओळखायची कसोटी शोधायला अमेरिका-जपानला जायची गरज नाही. ती आपल्या छत्तीसगढच्या मातीतच आहे. आपण सर्वांनी पंडवानी ऐकलेली आहे. २०१९ साली ज्यांना पद्मविभूषण मिळाले त्या तीजनबाईंची पंडवानी डोळ्यांसमोर आणा. हातात एकच तंबुरा. तोच क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. रंगमंचावर ना राक्षस, ना रथ, ना घोडे. तरीही दुःशासनवधाच्या वेळी माणसे श्वास रोखून बसतात. हे कशाने होते? मला त्यात तीन कारणे दिसतात, आणि सुपरहिरोंच्या चांगल्या व्हिडिओ गेममध्येही नेमकी तीच तीन कारणे सापडतात.

पहिले कारण : हुंकारी

पंडवानीत गायकाच्या शेजारी एक रागी बसलेला असतो. प्रत्येक ओळीनंतर तो "हव भाई" म्हणतो, मध्येच प्रश्न विचारतो, आश्चर्य दाखवतो. आपल्या पोवाड्यात झीलकरी "जी जी" म्हणत शाहिराला जशी साथ देतात, तसेच हे. रागी गप्प बसला तर कितीही मोठा कलावंत असो, पंडवानी रंगणार नाही.

व्हिडिओ गेममध्ये बटण दाबणारा मुलगा हा गायक असतो आणि यंत्र हा रागी. मुलाने बटण दाबले की यंत्राने ताबडतोब हुंकारी दिली पाहिजे. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील तर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. बटण दाबणे आणि ठोसा बसणे यांत अशी दहा-बारा चित्रे जास्तीची गेली तरी हाताला ते लगेच कळते. मुलगा म्हणतो, "गेम जड आहे." आम्हा रेल्वेच्या माणसांना हे चटकन समजते. पॅनेलवर बटण दाबल्यावर सिग्नल खरोखर बदलल्याचे इंडिकेशन आले नाही, तर स्टेशन मास्तरचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

हुंकारीचे आणखी बारकावे आहेत. ठोसा बसला की कसलेले कारागीर ते चित्र क्षणभर गोठवतात. डोळ्याला हे थांबणे कळतही नाही, पण फटक्याला वजन येते. मग आवाज, शत्रूचे मागे लडखडणे, पडद्याचा हलकासा धक्का. १९९१ साली जपानमध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर दोन या खेळाने हे शास्त्र घराघरात नेले. हुंकारी दुसऱ्या बाजूनेही हवी. शत्रू वार करणार असेल तर आधी हात मागे घेईल, अंग आवळेल, म्हणजे खेळणाऱ्याला सावध व्हायला वेळ मिळेल. सूचना न देता बसलेला फटका हा अन्याय वाटतो. सूचना मिळूनही बसलेला फटका "चूक माझीच" असे शिकवतो.

२००९ साली लंडनच्या रॉकस्टेडी कंपनीने बॅटमॅन : अर्कहम असायलम हा खेळ काढला. त्यात बॅटमॅनला पाच-सात गुंड घेरतात. कोणी वार करणार असेल तर त्याच्या डोक्यावर खूण उमटते, त्याच क्षणी बटण दाबले की बॅटमॅन तो वार परतवतो. एकाला मारून दुसऱ्याकडे, तिसऱ्याचा हात अडवून पुन्हा पहिल्याकडे, अशी एक साखळी बनत जाते. नुसती बटणे बडवली की साखळी तुटते. हलगीच्या ठेक्यावर लेझीम खेळणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको. आणि गंमत अशी की खेळ कठीण पातळीवर ठेवला की त्या खुणा दिसेनाशा होतात. तोवर मुलगा गुंडांच्या हालचालीच वाचायला शिकलेला असतो.

दुसरे कारण : मर्यादा

आता बालमित्रांना एक प्रश्न. सुपरमॅन सर्वांत बलवान, मग सर्वांत चांगले गेम सुपरमॅनचेच का नाहीत? उत्तर त्याच्या बळातच आहे. ज्याला गोळी लागत नाही, आग भाजत नाही, त्याच्या लढाईत भीती कसली? १९९९ साली निन्टेंडो ६४ या यंत्रावर सुपरमॅनचा एक खेळ आला. त्यात सुपरमॅनला आकाशात टांगलेल्या कड्यांमधून उडत जावे लागे. जगातील वाईट खेळांच्या याद्यांत आजही त्याचे नाव निघते. २००६ साली सुपरमॅन रिटर्न्स या खेळाने मात्र एक शहाणपणाची युक्ती केली. सुपरमॅनला इजा होत नाही हे कबूल केले आणि प्राणशक्तीची पट्टी दिली त्याच्या शहराला! शहराची हानी वाढत गेली की खेळणारा हरला. तो खेळ इतर बाबतींत फारसा जमला नाही, पण प्रश्न त्याने बरोबर ओळखला होता. बलवानाची परीक्षा त्याच्या अंगावर होत नसेल, तर त्याच्या जबाबदारीवर होते.

बॅटमॅनचे उलट आहे. तो माणूस आहे, बंदूकधाऱ्यांच्या समोर उभा राहिला तर मरतो. म्हणून अर्कहममध्ये बंदूकवाले आले की त्याला उंच दगडी मूर्तींवर लपून, एकेकाला गाठून लढावे लागते. शिवाय कोणाचा जीव घ्यायचा नाही हे त्याचे व्रत आहे. त्याने पाडलेले गुंड बेशुद्ध होतात, मरत नाहीत. नायक काय करू शकतो याइतकेच तो काय करणार नाही यावरून आपल्याला तो कळतो.

ही अक्कल आपल्या पुराणांना फार आधीपासून आहे. जरासंध आणि भीम यांची कुस्ती आठवा. भीम त्याला उभा चिरतो, पण दोन्ही तुकडे पुन्हा जुळतात. जन्माच्या वेळी जरा नावाच्या राक्षसीने जोडलेला तो देह. शेवटी श्रीकृष्ण एक काडी उभी चिरतात आणि तिचे तुकडे उलट्या दिशांना फेकतात. भीमाला खूण पटते. मुलांनो, तुम्ही ज्याला "बॉस फाइट" म्हणता ती हीच. बळ भरपूर आहे पण बळाने काम होत नाही, आणि संकेत डोळ्यांसमोर आहे पण तो ओळखता आला पाहिजे. त्रिपुरासुराचेही तसेच. तिन्ही पुरे एका रेषेत येतील त्या क्षणीच, एकाच बाणात ती भेदायची. आणि रांजणगावच्या महागणपतीची कथा सांगते की प्रत्यक्ष महादेवांनाही त्या लढाईआधी गणेशाची आराधना करावी लागली. विघ्नहर्त्याला विसरून निव्वळ बळाने जिंकता येत नाही, हे ज्या मंडपात आपण बसलो आहोत तेथेच सांगायला हवे.

तिसरे कारण : लढाईने गोष्ट पुढे गेली पाहिजे

दुःशासनवधाच्या वेळी अंगावर काटा का येतो? गदा मोठी आहे म्हणून नव्हे. द्यूतसभेत भीमाने केलेली प्रतिज्ञा आपल्याला ठाऊक असते. त्यानंतरची वनवासाची बारा आणि अज्ञातवासाचे एक, अशी तेरा वर्षे आपण त्याच्याबरोबर काढलेली असतात. त्या एका फटक्यात तेरा वर्षांचे वजन असते.

२०१८ साली अमेरिकेतील इन्सोम्नियाक कंपनीचा स्पायडरमॅन आला. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांनी मला क्षमा करावी, कारण आता मी शेवट सांगणार आहे. त्यात पीटर पार्कर ऑटो ऑक्टेव्हियस नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करतो. हात गमावलेल्या लोकांसाठी कृत्रिम हात बनवायचे हे त्यांचे ध्येय. सर्किट जुळवण्याची कामे खेळणारा स्वतःच्या हाताने करतो. ऑटो त्याचा गुरू आहे, गरीब आहे, प्रेमळ आहे. पुढे तोच डॉक्टर ऑक्टोपस होतो. शेवटच्या लढाईत समोर शत्रू आहे, पण मनातून तो गुरूच आहे. जिंकल्यावर मुले ओरडत नाहीत, गप्प होतात. त्यानंतर रोगावरच्या औषधाचा प्रश्न येतो. ते मे काकूला द्यायचे की सगळ्या शहरासाठी राखायचे? पीटर शहर निवडतो आणि काकूला गमावतो. एवढी शक्ती असूनही आपल्या माणसाला वाचवता आले नाही, हे दुःख त्या गोष्टीने त्याला दिले, म्हणून ती गोष्ट खरी वाटते.

याउलट २०२० चा मार्व्हल्स अव्हेंजर्स पाहा. त्यात कमला खान या मुलीची गोष्ट लोकांना आवडली. पण मुख्य गोष्ट संपल्यावर त्याच त्या यंत्रमानवांशी पुन्हा पुन्हा लढायचे आणि त्या बदल्यात थोडे अधिक चांगले हातमोजे-चिलखत मिळवायचे, एवढेच हाती राहत होते. हल्क, थॉर, आयर्न मॅन सगळे हजर, पण लढाईने काही बदलतच नव्हते. ३० सप्टेंबर २०२३ नंतर त्याची विक्रीही बंद झाली. नायकांची गर्दी म्हणजे गोष्ट नव्हे.

आपल्या पुण्याची राजी

हे सगळे परदेशातलेच आहे असे वाटू नये म्हणून पुण्याचे उदाहरण देतो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने राजी : अॅन एन्शंट एपिक हा खेळ बनवला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. २०२० साली खेळ बाहेर आला आणि त्या वर्षी अमेरिकेतील द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले.

राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते. तिची ताकद असुरांपेक्षा कमी आहे, पण अंग सर्कशीत तयार झालेले आहे. ती भिंतीवर धावते, खांबाला विळखा घालून गिरकी घेत वार करते. मल्लखांब पाहिलेल्या आपल्या मुलांना ती परकी वाटणार नाही. लढण्याची तऱ्हा तिच्या आयुष्यातून आली आहे. गोष्टीचे प्रसंग छाया-बाहुल्यांसारखे दाखवले आहेत, आणि दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून कथा पुढे जाते. म्हणजे पुन्हा गायक आणि रागी!

उणीवही सांगतो. मला तिची लढाई काही ठिकाणी हाताला जड वाटली, आणि शेवट अचानक तुटल्यासारखा आहे. पण मर्यादा आणि गोष्ट या दोन बाबतींत ती मोठमोठ्या कंपन्यांच्या खेळांना भारी आहे.

पालकांसाठी आणि मुलांसाठी

पालकांना माझी विनंती आहे की खेळाच्या खोक्यावरची वयाची खूण आधी पाहावी. १८ लिहिलेला खेळ दहा वर्षांच्या मुलाला देऊ नये. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही बाब पूर्णपणे वेगळी आहे, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांवर बंदी आली ते योग्यच झाले. अभ्यासाची, जेवणाची, झोपेची वेळ ठरलेली असावीच. पण त्यानंतर अर्धा तास मुलाशेजारी बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत. तुझ्या वाराला हा खेळ नीट उत्तर देतो का? तुझ्या नायकाला काय जमत नाही, किंवा तो काय करणार नाही? आणि ही लढाई जिंकल्यावर गोष्टीत काय बदलले? मुलाला तिन्ही उत्तरे देता आली तर तो गोष्ट ऐकतो आहे असे समजा. तिसऱ्या प्रश्नावर तो गप्प झाला, तर तो खेळ फक्त त्याचा वेळ खातो आहे. मग "बंद कर" असे ओरडावे लागत नाही, मूल स्वतःच कंटाळते.

असे विचारले म्हणजे आपणही त्याचे रागी होतो. आपल्या पिढीला आजी गोष्ट सांगे तेव्हा आपण "हं" म्हणत असू. "हं" थांबले की आजी समजे, नातू झोपला. आज गोष्ट मुलाच्या हातात आहे आणि "हं" म्हणायचे काम आपल्याकडे आले आहे. आपण ते केले नाही तर ते काम कोणी अनोळखी माणूस हेडफोनमधून करील.

आणि मुलांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे इंजिनीअर होईल, कोणी चित्रकार, कोणी तबला वाजवील. खेळ बनवायला हे सगळे लागतात. पंडवानीतला भीम अजून कोणा चांगल्या खेळात उतरलेला मला दिसलेला नाही. हातात तंबुरा, त्याची गदा होते, आणि शेजारी हुंकारी देणारा रागी. रायपूरच्या मुलांनी तो खेळ बनवला तर पहिली प्रत मी विकत घेईन, आणि या मंडळाच्या मोठ्या पडद्यावर तो सर्वांसमोर खेळूया.



गणपती बाप्पा मोरया!