वरची खोली

मुलाचं लग्न ठरलं की वर एक खोली चढवायची, ही आपल्या वस्तीतली रीतच. आमच्या मामूंनीही चढवली. "बांधा, मी आहे ना," म्हणणारा माणूस कलम ५३ची नोटीस आल्यावर फोन उचलेना.

१९६६च्या नगररचना कायद्यात कलम ४४खाली परवानगीचा अर्ज करता येतो. अर्जाची पोच जपा. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो. पण बांधकाम नियमात बसणारं हवं, हे लोक विसरतात. १३ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. रस्ता-फुटपाथवरच्या बांधकामाला मात्र ती सवलत नाही. त्या मुदतीत दाखवायला परवानगीचा कागद लागतो. मामूंकडे होती घरपट्टीची पावती. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही.