लहान पागा आणि सौम्य शिक्षण
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



शेतीस जोड देणाऱ्या एखाद्या उद्योगावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व पेशा शिक्षकाचा. अर्थशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु सेवानिवृत्तीनंतर तीन घोड्यांची एक लहानशी पागा आम्ही चालवीत आहो. दत्तजयंतीस तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या बाजारातील मोठमोठ्या किमती ऐकून समाजातील काही तरुण या धंद्याविषयी विचारावयास येतात, म्हणून अनुभवाचे बोल आपणांपुढे ठेवतो.

घोडा आपल्या प्रदेशास परका नाही. भीमेच्या थडीवर वाढलेल्या काटक भीमथडी तट्टांनी मराठी फौजांची दौड वाहिली. त्या जातीस 2023-24 मध्ये स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र अभिमानाने चंदीचा खर्च भागत नाही, हेही ध्यानी असावे.

घोडी सुमारे अकरा महिन्यांनी विते आणि बहुधा एकच शिंगरू देते. पाच-सहा महिन्यांनी ते आईपासून तोडावयाचे. तिसरे वर्ष पुरे होईपर्यंत त्याच्या पाठीवर स्वार बसवू नये. कारण पाठीच्या कण्याची हाडे पुरती पक्की होण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे घोडी दाखविल्यापासून शिंगरावर खोगीर चढेपर्यंत जवळजवळ चार वर्षे नुसता खर्च. तीनशे किलो वजनाच्या घोडीस रोज सहा किलोंच्या आसपास सुका चारा लागतो. घोड्याचे पोट लहान आणि त्यास उलटी होत नाही. म्हणून चंदी एकदम घातली की पोटशूळ उठतो व जनावर हातचे जाते. ज्यास चार वर्षे धीर धरवत नाही, त्याने या वाटेस जाऊ नये.

मग लहान पागेवाल्याने मोठ्या व्यापाऱ्यापुढे टिकावे कसे? आमचे उत्तर एकच आहे. त्याच्या शिंगराचा स्वभाव हेच त्याचे भांडवल. ज्या घोड्याजवळ दहा वर्षांचे मूल निर्धास्त उभे करता येते, त्याचे मोल रंगावर किंवा उंचीवर ठरत नाही.

आपल्या भाषेत घोडा शिकविणाऱ्यास चाबूकस्वार म्हणतात. शब्दातच चाबूक आहे. छडीवाचून विद्या नाही, ही समजूत शाळेतही फार दिवस नांदली. 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेतली छडी बंद केली; तबेल्यातली अजून बंद व्हावयाची आहे. घोडा हा भिऊन पळणारा प्राणी. डोळे दोन बाजूंस असल्याने त्यास भोवतालचे बहुतेक सारे दिसते. परंतु नेमके पाठीमागचे दिसत नाही. अशा प्राण्यास भीतीने शिकविले, तर तो आपल्या भीतीपोटी आज्ञा पाळतो. उद्या फटाक्याची भीती चाबकाहून मोठी झाली की तो शिकलेले सारे विसरतो.

सौम्य शिक्षण म्हणजे लाड नव्हेत. दोर हलकेच ताणावा. शिंगराने एक पाऊल पुढे टाकताच त्याच क्षणी तो सैल सोडावा. ही सैल सोडण्याची घडी हाच त्याचा धडा आणि हेच बक्षीस. दोन पळे उशीर झाला, तर आपण काय बरोबर केले हे त्यास उमगत नाही. पहिल्या वर्षी म्होरकी, खरारा आणि नालबंदासाठी पाय उचलून देणे, एवढाच अभ्यास. तोही दहा-पंधरा मिनिटांचा. दुसऱ्या वर्षी दोर धरून रस्त्याने चालविणे व गलबल्याची ओळख. तिसऱ्या वर्षाअखेर रिकामे खोगीर, आणि नंतर हलका स्वार.

यापूर्वीचा एक पाठ मात्र शिंगराच्या आईचा आहे. आमच्याकडील एक घोडी बाजारातून आली, तेव्हा कोणी हात वर केला तरी मागे सरून दोर तोडी. तिला कोणी कसे वागविले असेल ते तिच्या तोंडावरील व्रणांवरून दिसतच होते. आम्ही रोज दुरून चारा दाखवीत असू, आणि ती क्षणभर स्थिर उभी राहिली की आपण होऊन मागे फिरत असू. सारा पावसाळा गेला. मग तिने खरारा करू दिला. पुढे तिला झालेले शिंगरू तो खरारा पाहतच वाढले आणि आपण होऊन माणसाजवळ येऊ लागले. आईला शांतपणे हाताळताना पाहणारी शिंगरे माणसास कमी भितात, असे फ्रान्समधील संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केले, हे आम्हांस मागाहून कळले.

शिकविणाऱ्याचे मन घोडा कसे वाचतो, याचे एक उदाहरण आमच्याच पेशातील माणसाचे आहे. बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन या गणिताच्या शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजांची उत्तरे देई. ऑस्कर फुंगस्ट यांनी कसून परीक्षा घेतली आणि 1907 मध्ये दाखवून दिले की, घोड्यास गणित येत नव्हते. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि तेवढ्याने तो थांबे. जो घोडा इतके सूक्ष्म पाहतो, त्याच्यापुढे आपला राग लपेल काय? म्हणून रागावलेल्या माणसाने त्या दिवशी दोर हाती घेऊ नये, असा आमच्या पागेचा नियम आहे.

तरुणांस एवढेच सांगणे की, दोन घोड्यांनी आरंभ करा. नर पाळू नका. खरेदीपूर्वी ग्लँडर्ससाठी रक्ताची तपासणी करवा. शिंगरू तासाभरात उभे न राहिले, दोन-तीन तासांत चीक न प्याले, किंवा घोडीची वार तीन तासांत न पडली, तर पशुवैद्यास बोलवा. आणि शिंगरू कोणाच्या दारी जाणार हे ठरल्यावाचून घोडी दाखवू नका.

शेवटी संस्थेस एक विनंती. आपल्या घरच्या वरातीत घोडे येतात, नाचविले जातात. काटेरी लगाम 1965 च्या नियमांनी निषिद्ध आहे, तरी तो पुष्कळदा दिसतो. त्या घोड्यावर बसतो तो आपला मुलगा, आणि त्याच्यापुढे नाचतात ती आपलीच लेकरे. तेव्हा लग्न ठरविताना यजमानाने घोड्याचा लगाम स्वतः पाहावा आणि काटेरी असल्यास घोडा परत पाठवावा, असा ठराव याच संमेलनात व्हावा. असे झाले तर सौम्यपणे शिकविलेल्या घोड्यास आपोआप गिऱ्हाईक मिळेल आणि लहान पागा जगतील. लग्नसराई तोंडावर आहे; घोडामैदान जवळच आहे.