जुन्या डिझेल ट्रकची शक्ती एकाएकी का हरपते?



कालकाहून सिमल्याकडे निघालेला, सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला एक जुना ट्रक डोळ्यांपुढे आणावा. इंजिन सहा सिलिंडरांचे आणि इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक. दिल्लीहून अंबाल्यामार्गे कालकापर्यंतचा सपाट रस्ता त्याने विनातक्रार तोडला. कालका येथे टाकी काठोकाठ भरण्यात आली. चढण लागल्यावर सातआठ किलोमीटरांतच मात्र इंजिन मंदावू लागले. गिअर बदलून, पॅडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकेना. चालकाने ती कडेला घेतली आणि दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केली, तो इंजिन पूर्ववत् चालू लागले. काही किलोमीटर गेल्यावर पुन्हा तोच प्रकार घडला. रडतखडत ती एका दुरुस्तीच्या दुकानापाशी पोचली. तेथे उभ्या गाडीचे इंजिन चालवून पाहिले, तर त्यात काहीच खोट दिसेना. मिस्त्रीने निर्णय दिला : पंप उतरवावा लागेल, आणि त्यात काही निघाले नाही तर हेड उघडावे लागेल.

हा चालकच ट्रकचा मालक होता. पंप उतरवायचा म्हणजे तो चाचणी-यंत्र असलेल्या शहरी पाठवायचा. त्यात तीनचार दिवसांचा खोळंबा, मालधन्याची बोलणी आणि महिनाअखेरीस उभा राहणारा कर्जाचा हप्ता. ज्याच्या पदरी एकच ट्रक आहे, त्याच्या बाबतीत चुकीचे निदान हे मूळ बिघाडापेक्षा महाग पडते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे : निदान कोणत्या क्रमाने करावे?

त्यासाठी डिझेल इंजिनाचा स्वभाव थोडक्यात पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. पेट्रोल इंजिनात मिश्रणाला ठिणगीने पेटविले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. त्याचा पिस्टन केवळ हवा दाबतो, आणि तीही इतकी की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. या तप्त हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. इंजिन प्रत्येक वेळी शक्य तेवढी हवा आत ओढते. शक्ती कमीजास्त होते ती मुख्यतः इंधनाच्या मापावर. हे माप एका वेळी जेमतेम एकदोन थेंबांचे असते आणि नोझल उघडण्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाब लागतो. भारतात अशा पंपांच्या निर्मितीशी बंगलोरची १९५१ साली स्थापन झालेली मायको कंपनी निगडित होती. जमशेदपूरच्या टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझ या कंपनीशी करार करून ट्रक बांधण्यास आरंभ केला. पुढे कित्येक दशके देशातील महामार्गांवर याच जातीची यांत्रिक इंजिने धावत राहिली.

यावरून एक गोष्ट उघड होते. इंजिनाला तीनच गोष्टी हव्या असतात : पुरेशी हवा, पुरेसे इंधन योग्य क्षणी, आणि दाब टिकवून धरणारे सिलिंडर. शक्ती हरपली म्हणजे या तिन्हींपैकी एक तरी उणी पडली. किंवा इंजिन ठाकठीक असून त्याची शक्ती चाकांपर्यंत पोचत नाही.

या शेवटच्या शक्यतेचा विचार सर्वांत आधी करावा, कारण तिच्या तपासणीला काहीच खर्च येत नाही. गाडी थांबताच प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्यावा. स्पर्श करू नये, आच तेवढी अजमावावी. एकच ड्रम इतरांहून फार तापला असेल, तर तेथील ब्रेक चिकटून बसला आहे आणि इंजिन विनाकारण त्याच्याशी झुंजत आहे. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच प्लेट घसरते आहे. त्यानंतर एकाने पॅडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने पंपावरील दांडी शेवटपर्यंत जाते की नाही ते पाहावे. दांड्यांच्या जोडणीतील एखादी पिन झिजलेली किंवा निसटलेली असली, तर चालकाला वाटते की आपण पूर्ण शक्ती मागितली आहे. पंपाला मात्र अर्धीच मागणी पोचते.

यानंतर धुराकडे पाहावे. आजच्या वाहनांत बिघाडाची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठेवते. जुन्या ट्रकचा नोंदवही म्हणजे त्याचा सायलेन्सर, असे म्हटले तरी चालेल. काळा दाट धूर निघत असेल, तर इंधन येत आहे पण ते जाळण्यास हवा पुरत नाही, किंवा नोझलमधून फवाऱ्याऐवजी धार पडत आहे. अशा वेळी हवेचा फिल्टर तपासावा. टर्बो असलेल्या गाडीत त्याचा रबरी नळ सुटला किंवा फाटला आहे काय, तेही पाहावे. शक्ती एका क्षणात जाण्याचे ते नित्याचे कारण आहे. डोंगरी भागातील ट्रकना धुराच्या वाटेवर झडप बसविलेला एग्झॉस्ट ब्रेक असतो. ही झडप अर्धवट मिटलेली राहिली, तर इंजिनाचा श्वास कोंडतो. पांढरा धूर इंधन न जळता बाहेर पडत असल्याचे सांगतो : एखाद्या सिलिंडरचा दाब गेला असेल, किंवा पंप फिरविणारे कपलिंग सरकून फवाऱ्याची वेळ चुकली असेल. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याची खूण होय.

आणि शक्ती नाही, पण धूरही नाही, असे असेल तर? मग इंधनच पोचत नाही, असा प्रथम संशय धरावा. आमच्या सिमल्याच्या वाटेवरील ट्रकची अवस्था नेमकी अशीच होती.

इंधनाचा मार्ग टाकीपासून सुरू होतो. तेथून नळी, जाळी, फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप आणि नोझल अशी वाट आहे. फिल्टर गाळाने भरला असेल, त्याच्या तळाशी पाणी साचले असेल. लडाखसारख्या प्रदेशात हिवाळ्यात डिझेलमधील मेण गोठून वाट अडते. त्यासाठीच तेथे २०१९ साली खास हिवाळी डिझेल उपलब्ध करण्यात आले. टाकीत पडलेली चिंधी वाहत्या डिझेलबरोबर नळीच्या तोंडाशी येऊन चिकटते आणि इंजिन थांबले की पुन्हा तळाशी जाते. टाकी ते फीड पंप या भागातील सांधा सैल असेल, तर तेथून डिझेल गळेलच असे नाही. उलट हवा आत ओढली जाते आणि चालकांच्या भाषेत गाडी ‘हवा पकडते’. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप चालविला की येणारे बुडबुडे याची साक्ष देतात.

इतक्या शक्यतांतून वाट काढण्याचा एक सोपा उपाय आहे. स्वच्छ डिझेलचा एक लहान डबा घेऊन त्याची नळी थेट फीड पंपाला जोडावी, डबा घट्ट बांधावा आणि त्याच चढणीवर थोडे अंतर गाडी चालवून पाहावी. शक्ती परत आली, तर दोष डब्याच्या मागे, म्हणजे टाकी आणि तिच्या नळीत आहे. परत आली नाही, तर तो पुढे आहे. एकाच प्रयोगाने निम्मे संशयित सुटतात.

इंजिन एकसारखे न चालता लंगडत असेल, तर मंद गतीवर ठेवून प्रत्येक नोझलच्या नळीचा नट पाळीपाळीने किंचित सैल करावा. ज्या सिलिंडरच्या नट-सैलीने आवाजात फरक पडत नाही, तो आधीच मेलेला आहे. मात्र फवाऱ्यासमोर बोट कधीही आणू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि जखम लहान दिसली तरी अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते. ऑइलचा दाब उतरला असेल किंवा आतून ठोके येत असतील, तर कोणताही प्रयोग न करता इंजिन तत्काळ बंद करावे.

आता आपल्या ट्रककडे परत जाऊ. दुकानातील एका वृद्ध मिस्त्रीने पाना हाती घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले : हे केव्हापासून होते? थांबल्यावर काय होते? आणि त्याआधी गाडीला कोणी हात लावला होता? पहिल्या दोहोंची उत्तरे चालकाने दिली. तिसऱ्याचे उत्तर क्लीनर मुलापाशी होते, पण तोवर त्याला कोणी विचारलेच नव्हते. टाकी काठोकाठ भरल्यामुळे वळणांवर डिझेल सांडू नये, म्हणून त्याने झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद घट्ट बसविला होता. झाकणातील हवेचे बारीक छिद्र त्यामुळे बुजले. डिझेल संपत जाई, पण त्याच्या जागी हवा येत नसे. टाकीत पोकळी निर्माण होई आणि फीड पंपाला डिझेल ओढता येईना. टाकी भरलेली असल्याने आतील हवेची जागा थोडी, म्हणून हे लवकर घडे. गाडी थांबली की हवा हळूहळू झिरपून आत येई. दुकानात उभ्या गाडीला डिझेल फारच थोडे लागे, म्हणून तेथे दोष दिसेना. झाकण फिरविताच हवा आत शिरल्याचा सुस्कारा सर्वांनी ऐकला. कागद काढला आणि ट्रक सिमल्याकडे मार्गस्थ झाला.

प्रत्येक बिघाड इतका स्वस्त नसतो. हेड गॅसकेट जळते, झडप तुटते, पंपाचे प्लंजर झिजतात. तेव्हा इंजिन उघडावेच लागते. पण ते शेवटी, आणि बाकीच्या शक्यता एकेक करून निकालात काढल्यावर. बिनखर्चाच्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर. प्रश्न आधी, पाना नंतर. आणि प्रश्न विचारताना गाडीवरच्या सर्वांत लहान माणसाला वगळू नये. टाकीच्या झाकणापाशी बहुधा तोच उभा असतो.