तांबूस गोळीचं दुसरं काम

पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे रेखणाऱ्या कारागिराला बोटाच्या टोकाची किंमत विचारा. कुष्ठरोग घाला घालतो तो या टोकाच्या जाणिवेवर. मी कवी माणूस; विज्ञान शाळेतच सुटलं. तरी या रोगावरच्या औषधाची एक गोष्ट सांगावीशी वाटते.

रोह्यातला माझ्या ओळखीचा एक तरुण धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. अंगावर चट्टे आले, सरकारी दवाखान्यात निदान झालं, बारा महिन्यांचा मोफत उपचार सुरू झाला. चौथ्या महिन्यात ताप भरला, लाल दुखऱ्या गाठी उठल्या. त्यात कातडीही काळवंडलेली. त्याची आई मला म्हणाली, "भाई, गोळ्या बाधल्या त्याला. बंदच केल्या मी."

घात होतो तो इथंच. या रोगाचा जंतू भलता आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. आपल्या पांढऱ्या पेशींना मात्र एवढा धीर नसतो. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही त्या तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत आपलीच नस सुजते. डॉक्टर याला रिअॅक्शन म्हणतात.

प्रतिजैविक म्हणजे जंतू मारणारं औषध, एवढंच आपण धरून चालतो. कातडी काळवंडते ती क्लोफाझिमिन या तांबूस गोळीनं. १९५०च्या दशकात आयर्लंडमध्ये क्षयावर औषध शोधताना ती सापडली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं रिफॅम्पिसिन आणि डॅप्सोन यांच्या जोडीला तिची शिफारस केली. ती जंतू मारते, आणि खवळलेल्या पेशींनाही आवरते. कशी, याचा एक धागा २००८ साली हाती आला. टी पेशींच्या आवरणात पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या बारीक वाटा असतात. गोळी त्या वाटा अडवते. मग पेशीत पुरेसं कॅल्शियम शिरत नाही आणि तिला चेव येत नाही. म्हणजे आळ आला तो नेमका शांत करणाऱ्यावर!

आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी कोपराजवळची नस चाचपली तसा तो कळवळला. डोळे मिटायला सांगून त्यांनी बॉलपेनचं टोक एकेका बोटाला लावलं. करंगळीला कळलं नाही. क्लोफाझिमिनचा हा गुण यायला काही आठवडे लागतात, नस तेवढं थांबत नाही. म्हणून स्टिरॉइड सुरू केलं आणि बंद केलेल्या गोळ्याही त्याच दिवसापासून पुन्हा घ्यायला लावल्या. आईला रंगाची काळजी. उपचार संपल्यावर तो सावकाश उतरेल, असं बाईंनी सांगितलं. करंगळीचं मात्र पुढच्या तपासणीतच कळणार होतं.