आण्याचे सहा नवे पैसे

आपल्या वर्गाने रुपयाचे दोन्ही हिशेब शिकले. आधी सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे. १ एप्रिल १९५७ पासून शंभर नवे पैसे. चार आण्यांचे पंचवीस सरळ होते, पण एका आण्याचे सव्वासहा! पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा, दोनला बारा, तिनाला एकोणीस. आण्याआण्याने चारदा घेणारा एक पैसा वाचवी. तीन आण्यांची भाजी घेणाऱ्या माझ्या आईचा पाव पैसा जाई. हातावर पोट असलेल्यांना तोही बोचायचा. १९६४ मध्ये ‘नवा’ शब्द गळाला. पावकी-निमकीही मागे पडली. औटकी, साडेतिनाचा पाढा, अजून कुणाला येतो? मला चौदा औटे एकोणपन्नासपर्यंत येतो. पुढचा चहाच्या वेळी सांगा.