पडद्यावरचा खो-खो : गड्याची चाल आणि सर्व्हरचा निकाल

ऑनलाइन खेळात पडद्यावरचा गडी पळतो किंवा उडी मारतो, तेव्हा त्यामागे दोन वेगळी कामे चाललेली असतात. खेळणाऱ्याच्या बोटाची हालचाल वाचून त्याला कुठे जायचे आहे हे ओळखणे, हे पहिले. त्या दिशेने गड्याचे शरीर सरकवणे, पाय जमिनीवर टेकवणे, भिंत आली की अडवणे, हे दुसरे. रोब्लॉक्स या मंचावर ही दोन्ही कामे आयती मिळतात. नवा कोरा खेळ उघडला, त्यात एक ओळही लिहिली नाही, तरी गडी चालतो. स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहायची वेळ येते ती हे आयते चालणे खेळाच्या नियमांत बसवायचे असते तेव्हा.

रोब्लॉक्स २००६ साली खुले झाले. डेव्हिड बाझुकी आणि एरिक कॅसल हे त्याचे कर्ते. त्याआधी बाझुकींनी विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राचे प्रयोग संगणकावर करून दाखवणारे सॉफ्टवेअर बनवले होते. रोब्लॉक्समधल्या वस्तू पडतात, आदळतात, घरंगळतात, त्याचे मूळ तिथे आहे. इथली स्क्रिप्ट लुआउ या भाषेत लिहितात. ती लुआ या भाषेतून निघाली, आणि लुआ १९९३ साली ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात तयार झाली. लुआउचा गाभा २०२१ पासून सर्वांना खुला आहे.

गड्याच्या शरीराचे सहा किंवा पंधरा भाग असतात; दोन्ही प्रकार चालतात. या सगळ्यांचा कारभार ह्युमनॉइड नावाच्या घटकाकडे असतो. चालण्याचा वेग, उडीची उंची, तब्येत, आणि गडी या क्षणी पळतो आहे, पडतो आहे, पोहतो आहे की बसला आहे, हे सारे ह्युमनॉइड सांभाळतो. शरीराच्या मधोमध एक अदृश्य ठोकळा असतो. गडी कुठे आहे हे विचारायचे, तर या ठोकळ्याची जागा विचारायची.

इथली लांबी स्टडमध्ये मोजतात. एक स्टड म्हणजे साधारण २८ सेंटिमीटर. नेमून दिलेला वेग सेकंदाला १६ स्टड, म्हणजे ताशी सुमारे १६ किलोमीटर. उडी ७.२ स्टडांची, म्हणजे तब्बल दोन मीटर. गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीच्या साडेपाच पटींहून अधिक ठेवले आहे, त्यामुळे दोन मीटर उंच उडालेला गडी अर्ध्या सेकंदात पुन्हा जमिनीवर येतो. पृथ्वीवर याला सव्वा सेकंद लागला असता. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला हे रुचणार नाही, पण खेळणाऱ्याला गडी हवेत तरंगत राहिलेला आवडत नाही.

समजा, जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्याच्या आष्टीतल्या मुलांना मैदानावरचा खो-खो या मंचावर आणायचा आहे. उदाहरण मुद्दाम खो-खोचे घेतले आहे. डेक्कन जिमखान्याने १९१४ साली पुण्यात या खेळाचे नियम बांधले, आणि त्या नियमांचा कणाच मुळी हालचालीवरची बंधने हा आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही. मधली पाटी त्याने ओलांडायची नाही. बसलेल्या गड्याने खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही. पळणाऱ्याला मात्र यातले काहीच लागू नाही. तो बसलेल्यांच्या मधून हवा तसा नागमोडी पळू शकतो. म्हणजे एकाच मैदानावर तीन तऱ्हेचे गडी, तिघांची चाल वेगळी, आणि एका ‘खो’सरशी दोघांच्या भूमिका बदलणार.

मैदान २७ बाय १६ मीटरचे धरले तर ते साधारण ९६ बाय ५७ स्टडांचे होते. मधली पाटी ३० सेंटिमीटर रुंद, म्हणजे एका स्टडाहून जराशी जास्त. सोळाच्या वेगाने मैदानाची लांबी कापायला सहा सेकंद लागतात, आणि खो-खोच्या मानाने ही चाल मंद आहे. वेग २४ केला तर तेच अंतर चार सेकंदांत संपते. हा बदल सर्व्हरवरच्या, म्हणजे सगळ्या खेळाडूंना जोडणाऱ्या मध्यवर्ती संगणकावरच्या, स्क्रिप्टमध्ये एका ओळीत होतो. उडीची उंची शून्य करावी, नाहीतर बसलेल्या गड्यांच्या डोक्यावरून उड्या सुरू होतील.

बसलेला गडी जागचा हलू नये यासाठी दोन मार्ग आहेत. वेग शून्य करता येतो, पण मग दुसऱ्याचा धक्का लागला की तो सरकतो. त्यापेक्षा मधला ठोकळा जागी खिळवून टाकणे बरे. खो मिळाला की सर्व्हरने तो मोकळा करायचा, वेग परत द्यायचा आणि खो देणाऱ्याला त्याच चौकोनात खिळवायचे.

मधल्या पाटीवर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत एक अदृश्य भिंत उभी करता येते. ती फक्त पाठलाग करणाऱ्याला अडवेल अशी तजवीज टकरांचे गट पाडून होते. कोणत्या गटातल्या वस्तूने कोणत्या गटातल्या वस्तूला अडवायचे, याचा तक्ताच मंचावर भरून देता येतो. पळणाऱ्यांचा गट भिंतीतून आरपार जातो. बसलेला गडी उठला की त्याचे सगळे अवयव पाठलागाच्या गटात घालायचे. एक भाग जरी राहून गेला तरी भिंत त्याला अडवत नाही.

खरी कसोटी लागते ती दिशेच्या नियमाला. मोबाइलवर अंगठ्याखालचे चाक वर ढकलले की गडी पुढे जातो, पण हे ‘पुढे’ म्हणजे कॅमेरा बघतो आहे तिकडे. खेळणाऱ्याने दुसऱ्या बोटाने कॅमेरा फिरवला की तेच चाक, तसेच वर ढकललेले, गड्याला वेगळीकडे नेते. ‘चाक खाली ओढू द्यायचे नाही’ असा नियम लिहिणारा इथे फसतो. कॅमेरा अर्धा गरकन फिरवला की चाक वर ढकलूनही गडी बिनदिक्कत मागे पळतो. म्हणून आधी चाकाची दिशा मैदानाच्या दिशेत बदलून घ्यावी लागते. एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाणारी रेघ हा आधार. खेळणाऱ्याला जायचे आहे त्या दिशेचा किती भाग या रेघेवर पडतो हे गुणाकाराने काढता येते. घेतलेली दिशा अधिक एक मानली आणि तो भाग उणे आला, तर तेवढाच काढून टाकायचा, आडवा भाग तसाच राहू द्यायचा. आपल्या बाजूच्या अर्ध्या मैदानात आडवे सरकायला पाठलाग करणाऱ्याला मुभा आहेच. ही गाळणी मंचाची स्वतःची नियंत्रण स्क्रिप्ट चालून गेल्यावर लगेच, दर चित्रचौकटीला, म्हणजे पडद्यावरचे चित्र बदलेल तेव्हा प्रत्येक वेळी, चालली पाहिजे. आधी चालली तर मंच तिच्यावर पाणी फिरवतो.

दिशा ‘घेतली’ असे कधी म्हणायचे? मैदानावर पंच खांद्यांची रेषा बघतात. पडद्यावर अंगठा जरासा थरथरला तरी चाक हलते, आणि त्या पहिल्या थरथरीलाच दिशा मानले तर गडी नको त्या बाजूला अडकतो. उठल्यापासून एखादा स्टड सरकल्यावर दिशा पक्की करणे हा चांगला तोडगा आहे. गडी खांबापलीकडे गेला की दिशा पुसायची, म्हणजे तो खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने येऊ शकतो.

हालचाल चौकटीच्या हिशेबाने करण्याचा मोह टाळावा लागतो. ह्युमनॉइडकडे चाल सोपवली तर हा प्रश्न येत नाही, पण सूर मारण्यासारखी स्वतः रचलेली हालचाल असली की येतो. दर चौकटीला ०.४ स्टड सरकवणारी स्क्रिप्ट सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या फोनवर २४ स्टडांचा वेग देते आणि ३० चौकटी दाखवणाऱ्या जुन्या फोनवर फक्त १२. महागड्या फोनवाला जिंकणार हे ठरूनच गेले. मागच्या चौकटीपासून किती वेळ गेला त्याने वेगाला गुणले की दोघे बरोबरीला येतात.

यापुढचा प्रश्न ऑनलाइन खेळांपुरताच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला. तो एकट्याने खेळायचा असल्यामुळे तिथे हा प्रश्नच नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा २०२४ मधला ‘इंडस’ मात्र अनेकांनी एकमेकांविरुद्ध खेळायचा, आणि अशा प्रत्येक खेळाला याचे उत्तर द्यावे लागते : गडी खरोखर कुठे आहे, हे कोणाचे म्हणणे मानायचे?

रोब्लॉक्सची नेहमीची रीत अशी की प्रत्येकाचा गडी त्याच्याच फोनवर चालवला जातो. बोट हलले की गडी त्याच क्षणी हलतो, सर्व्हरच्या उत्तराची वाट बघावी लागत नाही. फोन आपली जागा सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर ती बाकीच्यांना. खेळायला हे झकास आहे, पण याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली लबाडीची. स्वतःच्या फोनवर वेग २४ चा १०० करणाऱ्याचा बदल सर्व्हरच्या नोंदीत दिसतच नाही; तिथे वेग २४ च राहतो आणि गडी मात्र सुसाट सुटलेला असतो. म्हणून सर्व्हरने वेगाचा आकडा न बघता प्रत्यक्ष कापलेले अंतर मोजायचे. पाव सेकंदात सहा स्टड आणि वर थोडी सवलत. त्यापेक्षा जास्त सरकला तर मागच्या जागी आणून ठेवायचा. सवलत हवीच, कारण नेटवर्क अडखळले की प्रामाणिक गड्याची जागाही एकदम चार पावले पुढे उमटते. एकाच उडीवरून कोणाला बाहेर काढणे अन्यायाचे आहे, सलग काही वेळा तेच दिसले तर गोष्ट वेगळी. दिशेचा नियमही सर्व्हरवर पुन्हा तपासावा लागतो. फोनवरची गाळणी खेळणाऱ्याच्या सोयीची असते, लबाडाला ती सहज काढून टाकता येते.

दुसरी किंमत निकालाची. एका फोनवरची हालचाल दुसऱ्या फोनवर दिसायला एक दशांश सेकंद लागला असे धरू. खेडेगावात रेंज डळमळीत असली की याहून जास्त लागतो. २४ च्या वेगाने पळणारा गडी तेवढ्यात २.४ स्टड, म्हणजे ६७ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. हाताभराचे अंतर. पाठलाग करणाऱ्याच्या पडद्यावर हात पाठीला लागला, पळणाऱ्याच्या पडद्यावर तो केव्हाच निसटला, आणि दोघेही खरेच सांगत आहेत. अशा वेळी पंच सर्व्हरच असू शकतो. त्याने प्रत्येक गड्याच्या मागच्या सेकंदभराच्या जागा टिपून ठेवायच्या, दावा आला की तितका उशीर मागे जाऊन दोघांमधले अंतर बघायचे, हाताच्या टप्प्यात असेल तर गडी बाद. पण किती मागे जायचे याला मर्यादा हवी. ती घातली नाही, तर सर्वांत खराब नेटवर्कवाल्याचा पाठलाग सर्वांत घातक ठरतो, कारण त्याला सगळेच जुन्या जागी दिसत असतात. पाव सेकंदाची मर्यादा खो-खोला पुरेशी वाटते. त्यापलीकडचा दावा फेटाळावा आणि पळणाऱ्याला संशयाचा फायदा द्यावा.

खिळवणे, मोकळे करणे आणि खो देणे ही कामे पहिल्यापासून सर्व्हरकडेच ठेवावीत. फोनने फक्त ‘खो देतो’ एवढा निरोप पाठवायचा. देणारा खरेच पाठलागावर आहे का, बसलेल्याच्या मागे आणि जवळ आहे का, हे बघून सर्व्हरने तो मान्य करायचा.

नवशिक्यांना हमखास छळणारी एक बाब वेगळीच आहे. गडी मेला की मंच काही सेकंदांनी नवे शरीर देतो. जुन्या शरीराला बांधलेली स्क्रिप्ट त्याच्याबरोबर जाते, आणि पहिल्या डावात चोख चाललेला दिशेचा नियम दुसऱ्या डावात गायब होतो. नवे शरीर आल्याची घटना ऐकून प्रत्येक वेळी सगळी बांधणी नव्याने करणे, हाच यावरचा उपाय.

हे सारे लिहायला रोब्लॉक्स स्टुडिओ लागतो आणि तो विंडोज किंवा मॅक संगणकावरच चालतो. खेळ फोनवर, बनवणे संगणकावर, अशी ही विभागणी आहे; ज्या घरात फक्त मोबाइल आहे तिथल्या मुलाला शाळेच्या संगणक कक्षाचाच आधार. स्टुडिओत एकाच संगणकावर सर्व्हर आणि अनेक खेळाडू एकदम चालवून बघता येतात, नेटवर्कचा उशीरही मुद्दाम वाढवता येतो. ही चाचणी टाळली तर बनवणाऱ्याच्या टेबलावर निर्दोष वाटणारा खेळ पहिल्याच खऱ्या सामन्यात भांडणे लावतो.

चाचणीत आणखी एक प्रसंग घडवून बघावा : पाठलाग चालू असताना पाठलाग करणाऱ्याचाच फोन बंद पडणे. खो-खोच्या नियमांत यासाठी काही तरतूद नाही, आणि सर्व्हरला काही सांगितले नसेल तर उरलेले आठ जण पाटीवर खिळून बसलेले राहतात. खेळाडू निघून गेल्याची घटना सर्व्हरला कळते. त्या क्षणी त्याच्या सर्वांत जवळ बसलेल्याला आपोआप खो द्यायचा, की घड्याळ थांबवायचे, हे खेळ बनवणाऱ्याने ठरवून आधीच लिहून ठेवायचे असते.