हरवलेला रानपिंगळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्रातले गहन असे काही मला सांगता यायचे नाही. पण जगातून नाहीसा झाला असे भल्याभल्यांना वाटत होते, असा एक पक्षी पुन्हा सापडला आहे आणि तो आपल्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. ती हकीगत तुमच्या कानावर घालावी म्हणून उभी राहिले आहे.

त्याचे नाव रानपिंगळा. घुबडाच्या कुळातला, पण अंगाने साळुंकीएवढाच. आपल्या वाडीतल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ कोरे. हा दिवसाउजेडी शिकार करतो आणि सरडे, उंदीर, टोळ खातो. १८७३ साली ह्यूमसाहेबाने त्याचे वर्णन प्रथम छापले. पुढे खानदेशातूनही काही नमुने गेले. १८८४ नंतर मात्र खात्रीने कोणाला तो दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने उरले.

सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांनीही त्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही. याला एक लबाडीही कारण झाली. माइनर्त्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचे सांगितले होते. खरे पाहता तो ब्रिटिश संग्रहालयातून उचललेला जुनाच नमुना होता. चिठ्ठी तेवढी नवी लावलेली. डब्यावर चिठ्ठी चुकीची असली की सारे घर धुंडाळूनही जिन्नस हाती लागत नाही, तसेच हे झाले. पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ती लबाडी ओळखली, खोटा पत्ता बाजूला ठेवला आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे त्या निघाल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या उजेडात, त्यांना व त्यांच्या दोन सोबत्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तो मेळघाटातही आढळला.

आता आपल्याकडची गोष्ट. २०१४ साली, म्हणजे आपला पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी, सुनील लाड व रोहिदास डगळे यांनी तानसा अभयारण्यात रानपिंगळा असल्याची नोंद प्रसिद्ध केली. या अभयारण्याचा काही भाग आपल्या वाडा-मोखाड्यात येतो. म्हणजे मनोरवरून वाड्याकडे जाणारी आपली एस.टी. त्याच्या मुलुखाच्या वाटेलाच लागते म्हणायची.

भगिनींनो, तो सापडला खरा, पण टिकणार कसा? जुन्या झाडाच्या ढोलीत तो अंडी घालतो. झाड तुटले की त्याचे घर गेले. २०१८ पासून त्याची गणना ‘संकटग्रस्त’ पक्ष्यांत होते. त्याआधी तर याहून कठीण वर्गात होती.

दुसरा धोका आपल्या घरातला आहे. पहाटे कंदील घेऊन दारी येणाऱ्या पिंगळा जोशाला आपण सुपातून धान्य घालतो, कारण त्याला पिंगळ्याची भाषा कळते म्हणतात. आणि तोच पक्षी छपरावर बोलला की अशुभ म्हणून पोरांच्या हाती दगड देतो! घरात दुखणेकरी असला की भीती अधिकच. पण जरा विचार करा. आजाऱ्याच्या घरी रात्रभर दिवा जळतो, दिव्यावर किडे जमतात आणि किड्यांमागे पिंगळा येतो. तो मरण आणत नाही, आपले पोट भरायला येतो. आणि दगडाला वाडीतला पिंगळा कोणता नि रानातला कोणता, हे काय कळणार?

म्हणून माझे मागणे थोडेच आहे. घुबडाच्या जातीवर दगड मारू देऊ नका. दिवाळीच्या सुमारास कोणी त्याची नखे, पिसे विकायला आणली तर घेऊ नका. १९७२ च्या कायद्याने तो गुन्हाच आहे. परसातले ढोलीचे जुने झाड कोणाला अडचण करीत नसेल तर तसेच राहू द्या. आणि हळदीकुंकवाला जमाल तेव्हा दुखण्याच्या गोष्टींबरोबर ही दिव्याची गोष्टही एकमेकींना सांगा. घरातली भीती घालवणे आपल्याच हाती आहे. त्याला सातवीचे शिक्षणही पुष्कळ झाले.